किनारीवरची मोकळी जागा

मास्तर वॉर्डात आले की आधी पडद्यांकडे बघायचे, मग माणसांकडे. माणसं कशीही असली तरी त्यांचं काही म्हणणं नसे. पडदा मात्र सरळ लोंबत नसला तर दारातूनच सुरू व्हायचे, "अरे, ही काय पद्धत झाली? कापड आहे ते, फडकं नाही."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. तारापूरच्या एमआयडीसीत कापड रंगवणारे आणि छापणारे कारखाने आहेत. तिथे खातं सांभाळणाऱ्याला मास्तर म्हणतात. हे छपाईतले मास्तर. साड्यांवरची, चादरींवरची, पडद्यांवरची फुलं काढण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि आपल्याइतकं गुलाबाचं फूल अख्ख्या बोईसरमध्ये कुणाला कळत नाही, असं ते भेटेल त्याला ऐकवत. पांढरे बूट, काळेभोर रंगवलेले केस, मे महिन्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट. अत्तर इतकं, की ते गेल्यावर अर्धा तास जेवणाच्या खोलीत डाळीलाही तोच वास यायचा. मी-मी करणारी माणसं मला एरवी सहन होत नाहीत. या माणसाचं मी-मी मात्र मी कान देऊन ऐकायचे, कारण तेव्हा माझ्यातली 'मी' पार नाहीशी झाली होती.

त्यांची माझी ओळख कुठे झाली, हे सांगायला मला अजून जड जातं. पालघरच्या बाहेर मानसिक आजारांचं एक इस्पितळ आहे. तिथे मी पेशंट होते. हे वाक्य लिहून मी उठले, गॅसवरचं दूध बघून आले आणि वाक्य अजून कागदावर आहे का याची खात्री केली.

मी सालवडच्या एका शाळेत गणित शिकवते. एकदा सातवीच्या वर्गात फळ्यावर उदाहरण लिहायला वळले ती परत फिरलेच नाही. खडू हातात, तोंड फळ्याकडे, आणि मागे वळायचं म्हणजे काय करायचं तेच आठवेना. मुलांना वाटलं, बाईंना चक्कर आली. त्याआधी कित्येक महिने झोप नव्हती, जेवण नव्हतं, पण ते घरातल्या घरात होतं. माझे यजमान कारखान्यात पाळीवर असतात. त्यांनी मला इस्पितळात नेलं आणि सगळ्यांना सांगितलं, मणक्याचं ऑपरेशन आहे, बडोद्याला. एडवणला सासूबाईंनाही तेच. परत आल्यावर मी कितीतरी दिवस कमरेला पट्टा बांधून शाळेत जात होते. धडधाकट कंबर असताना. आजही शिक्षकांच्या खोलीत कुणाची पाठ धरली की मला विचारतात आणि मी मन लावून सल्ला देते.

तर मास्तर. ते इस्पितळात आले होते एका जुन्या सोबत्याला भेटायला. हातात केळ्यांची पिशवी होती. वॉर्डाच्या दारात त्यांना पडदा दिसला आणि ते सोबत्याला विसरले. मी डॉक्टरबाईंच्या खोलीत माझी पाळी म्हणून भिंतीला टेकून बसले होते. मास्तर केळ्यांसकट आत घुसले.

"डॉक्टर, तो पडदा काढा आधी."

डॉक्टरबाई वयाने लहान, पण कशानेही न हलणाऱ्या. "का हो?"

"सेकंड माल आहे तो! रेघ एकीकडे, लाल एकीकडे. कुणी दिला तुम्हाला?"

"कुणीतरी दान दिलाय. चांगला मजबूत आहे."

"मजबूत आहे?" मास्तर खुर्चीत बसले. "बाई, ते माझं फूल आहे. छापताना घसरलं, म्हणून बाजारात गेलं नाही. कुठे गेलं ते आज कळतंय. माझी अब्रू टांगलीय तुम्ही इथे. मला लाज वाटते."

आपली लाज इतक्या मोठ्या आवाजात, दार उघडं ठेवून सांगता येते, हे मला नवीन होतं. मी तोवर लाजेला आवाज नसतो असंच समजत होते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग चांगला छापून द्या."

"देतो की."

"इथल्या लोकांना बरोबर घेऊन."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बिनवेणीची, उलटा गाऊन घातलेली. "यांना घेऊन?"

"यांनाच."

"मला हळू बोलता येत नाही. मी ओरडेन."

"ओरडा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आणि ते ओरडले. आठवड्यातून दोन दुपारी जेवणाची टेबलं जोडून त्यांवर घोंगड्या ताणायच्या, त्यावर जाड कापड, आणि मास्तरांचं गर्जणं सुरू. इस्पितळात आमच्याशी सगळे हळू बोलायचे. सिस्टर हळू, आया हळू, माझे यजमान तर पाळण्यातल्या बाळाशी बोलल्यासारखे. मास्तर एकटे म्हणायचे, "आजारी आहेस, आंधळी नाहीस. रेघ बघ कुठे चाललीय." एकदा कुणाचा तरी मामा भेटायला आला आणि म्हणाला, "जरा सांभाळून बोला, पेशंट आहेत." मास्तर म्हणाले, "पेशंट खाटेवर. टेबलाशी कारागीर. टेबलाशी उभं राहायचं नसेल तर तुम्ही खाटेवर जाऊन बसा." तो मामा खरंच जाऊन बसला.

आम्हाला काय काढायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. भेट द्यायला येणाऱ्यांना वाटायचं, पालघर म्हणजे आम्ही वारली चित्रं काढणार. विक्रमगडकडची एक म्हातारी होती, तिच्याकडे सगळे आशेने बघायचे. ती म्हणायची, "माजी बहीण काडते. मला नाय येत. मी कोंबडी काडन." मास्तरांनी तिला कोंबडी काढू दिली आणि पाहुण्यांना बाहेर चहा प्यायला पाठवलं.

नियम एकच होता. प्रत्येकाला कागदाचा एक चौकोन. चौकोन शेजारी-शेजारी येणार, सगळे मिळून एक नक्षी होणार, आणि तीच नक्षी कापडावर पुन्हा पुन्हा छापली जाणार. म्हणून माझ्या उजव्या कडेला जी रेघ संपते, ती शेजाऱ्याच्या डाव्या कडेला तिथूनच सुरू झाली पाहिजे. मास्तर सांगायचे, "मधली जागा तुझ्या बापाची. तिथे वाघ काढ नाहीतर वांगं काढ. कड मात्र दोघांची. शेजाऱ्याला विचारल्याशिवाय कडेला पेन्सिल लावायची नाही." यात उपचार कुठला, असं आम्हाला कुणाला वाटलं नाही. पण महिनोन् महिने गप्प असलेल्या माणसांना विचारावं लागायचं, तुझी रेघ कुठे येते, वर की खाली. इस्पितळात मी आपणहून बोललेला पहिला शब्दही असाच. "किती खाली?" एवढंच.

ते मी हिराबाईला विचारलं होतं. हिराबाई किनाऱ्यावरच्या मुरबे गावची, मासळी विकणारी. आजार चढला की ती नवऱ्याचे कपडे समुद्राला देऊन यायची. एरवी आमच्या सगळ्यांत शहाणी. लाज तिला माहीत नव्हती. भेटायला आलेल्या जावेला ती वॉर्डभर फिरवून दाखवायची, "ही माजी खाट, ह्या माज्या गोल्या, आन ही बाय बोलत नाय ती."

पण ते पुढे. आधी मी माझा चौकोन कसा काढला ते सांगते. पट्टीने चारी बाजूंनी समास आखला आणि आत एक नीटनेटकं वर्तुळ. कडेला काहीही स्पर्श करत नव्हतं. कुणाला विचारायची गरजच नाही, असा बेत. मास्तरांनी तो उचलला, लांब धरला, जवळ धरला.

"हे काय, कंपाउंड बांधलंस?"

मी पट्टी टेबलाखाली घेतली.

"कापडावर काय होईल सांगू? सगळ्यांच्या रेघा एकमेकींत जातील आणि तुझ्या चौकोनाभोवती पांढरा पट्टा पडेल. वरपासून खालपर्यंत, प्रत्येक फेऱ्यात. लोक पडद्याकडे बघतील तेव्हा त्यांना फक्त तू दिसशील. लपायचं असेल तर कडेला ये."

मला रडू आलं. ते थांबले नाहीत. कोरा कागद पुढे सरकवून दुसऱ्याला ओरडायला गेले.

मग मी पानवेल काढली. आमच्या एडवणच्या वाडीत पानमळा आहे, सून म्हणून गेले तेव्हा पहिलं काम वेल बांधायचंच मिळालं होतं. वेल वर चढवली, आणि एक पान कडेपर्यंत नेऊन अर्ध्यात सोडलं. हिराबाईला विचारलं, किती खाली. तिने बोट ठेवलं. उरलेलं अर्धं पान तिने पुरं करायचं होतं. तिने त्याला डोळा काढला, शेपूट काढली आणि त्याचा सरंगा मासा करून टाकला.

"हिराबाई, ते पान आहे," मी म्हणाले.

"तुज्याकडं पान. माज्या जाल्यात आलं ते माजं," ती म्हणाली. "बोलत नाय तू, पण तुजं पान बरंच फुडं येतं."

मी हसले. किती दिवसांनी, ते मला सांगता येणार नाही. मास्तरांनी ते अर्धं पान, अर्धा सरंगा बघितला आणि पहिल्यांदाच स्वतःबद्दल न बोलता काही वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हे मला सुचायला पाहिजे होतं." त्यांच्या तोंडून याहून मोठी पावती कुणाला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

छपाईला टेबलाच्या दोन बाजूंना दोघे लागतात. नक्षीची जाळी कापडावर ठेवून एकाने रबरी पट्टीने रंग अर्ध्यापर्यंत ओढायचा, समोरच्याने तिथून पुढे घ्यायचा. मी आणि हिराबाई समोरासमोर. पहिल्या खेपेला हिराबाईला काहीतरी आठवून हसू आलं आणि निळा रंग रेघेबाहेर गेला. आम्हाला वाटलं, चालेल, कोण बघतंय. मास्तरांनी तेवढा सगळा तुकडा टरकन फाडला. "पेशंटनी केलाय म्हणून सेकंड माल चालेल? दुसऱ्यांदा माझी अब्रू घालवता?" पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्या दिवशी चहा उशिरा झाला आणि कुणाची तक्रार नव्हती.

भांडण झालं ते किनारीवरून. कापडाची अगदी कडेची जी पट्टी असते, तिच्यावर कारखान्याचं नाव छापतात. मास्तरांच्या मनात एक जुनी सल होती. त्यांची फुलं देशभर गेली, पण किनारीवर नाव मालकाचं. डिझाइन काढणाऱ्याचं नाव कापडावर कधीच नाही. तेव्हा या पडद्याच्या किनारीवर प्रत्येक कारागिराचं नाव येणार, असं त्यांनी जाहीर केलं. सगळ्यांत आधी अर्थात स्वतःचं.

सगळे खूश. हिराबाईला लिहिता येत नव्हतं. ती वर्तमानपत्राच्या कडांवर नाव गिरवत बसायची. हि मोठी, रा त्याहून मोठा, बाई मावायची नाही. मी तिला शिकवत होते. आणि माझं नाव घालू नका म्हणून मास्तरांना सांगितलं.

"का?"

"नको."

"अगं का पण? पान तुझं आहे."

"माझी शाळा आहे. तिथल्या पालकांना कळलं तर कोण पोरं बसवील माझ्या वर्गात? मला मुलगी आहे. उद्या तिचं लग्न करायचंय."

"मग आडनाव नको. नुसतं नाव."

"नाही."

ते ओरडले, अर्धं कापड छापत नसतात म्हणाले, डॉक्टरबाईंकडे गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, तो तिचा प्रश्न आहे. पुढच्या खेपेला ते माझ्याशी बोलले नाहीत. किनार छापून झाली तेव्हा मी बघायला गेले. हिराबाईचं वाकडंतिकडं नाव, मग वीतभर कोरी जागा, मग पुढचं नाव.

"ही जागा?" मी विचारलं.

"असू दे. तुझी जागा दुसऱ्याला द्यायची माझी पद्धत नाही." आणि पांढऱ्या बुटावर पडलेला निळा डाग पुसत बसले.

मी घरी आले. पट्टा बांधून शाळेत जाऊ लागले. गोळ्या चालूच होत्या, त्यांच्यासाठी महिन्याला पालघरला जावं लागे. स्कूटरवर बायका उन्हाचा स्कार्फ बांधतात तसा मी बांधायचे, गॉगल लावायचे आणि इस्पितळाच्या आत गेल्यावरही सोडायचे नाही. तिथे पाळी आली की सिस्टर नाव घेऊन हाक मारतात. मी त्यांना विनंती करून ठेवली होती की मला नुसतं हाताने बोलवा. त्या बिचाऱ्या बोलवायच्या.

आणि मग एका वर्षी आमच्या शाळेच्या चित्रकला स्पर्धेला पाहुणे म्हणून मास्तरच आले.

मुख्याध्यापकांनी ते आदल्या दिवशी सांगितलं. हा माणूस गप्प बसणारा नव्हता. इस्पितळाचा पडदा ही तर त्यांची आवडती गोष्ट. रजा काढावी म्हटलं तर परीक्षक शिक्षकांत माझं नाव होतं. दुसऱ्या दिवशी ते उतरले. तेच बूट, तेच अत्तर. मुख्याध्यापक एकेकाची ओळख करून देत माझ्यापाशी आले. "या आमच्या गणिताच्या बाई. यांचं मध्यंतरी मणक्याचं मोठं ऑपरेशन झालं, तरी बघा, उभ्या आहेत."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. वॉर्डात 'अगं' शिवाय हाक नव्हती. आता दोन्ही हात जोडले. "नमस्कार बाई. मणक्याचं दुखणं वाईट. ताठ उभं राहायला फार त्रास होतो, ऐकून आहे." आणि पुढे सरकले.

मी सुटले, असं मला वाटलं. मग त्यांनी भाषणात पडदा काढलाच. केळ्यांची पिशवी, सेकंड माल, कोंबडीवाली म्हातारी. मुलं हसत होती. मी पहिल्या रांगेत खाली मान घालून. आता पान येणार हे मला ठाऊक होतं.

"आणि एका कोपऱ्यात," मास्तर म्हणाले, "एक पानवेल होती. तिचं पान शेजारच्या चौकोनात गेलं आणि तिथे त्याचा सरंगा झाला. इतक्या वर्षांत इतका सुंदर जोड मी पाहिला नाही. ते पान कुणाचं?" ते थांबले. पाण्याचा पेला उचलला, सावकाश प्यायले, खाली ठेवला. "ते पान माझं."

टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. मी पण वाजवल्या. आणि वाजवता वाजवता मला असा संताप आला की सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी माझ्या चालूच राहिल्या. पान माझं होतं. मला उठून सांगायचं होतं की हा माणूस खोटं बोलतोय. पण ते सांगायचं तर मी तिथे होते हेही सांगावं लागलं असतं. मी बसून राहिले.

गेटपाशी त्यांना रिक्षात बसवताना मुख्याध्यापक जरा मागे राहिले. मी हळूच म्हणाले, "मास्तर, ते पान माझं होतं."

"माहीत आहे की," ते म्हणाले. "पाणी कशाला प्यायलो मी? मला तहान नव्हती." रिक्षा सुरू झाली तशी त्यांनी डोकं बाहेर काढून कंगवा फिरवला आणि मुख्याध्यापकांना हात केला.

त्या दिवसापासून माझी लाज बदलली. आधी मला आजारी होते याची लाज वाटायची. आता उठले नाही याची वाटू लागली. पहिली गेली असं नाही. दोन्ही एकत्र नांदतात.

गेल्या हिवाळ्यात मास्तर वारले. बोईसरच्या नाक्यावर त्यांचा फोटो लागला होता, केस काळेभोर. त्यांच्या घरच्यांना भेटायला जावं असं फार वाटलं. पण त्यांच्या मुलीला सांगणार काय, कुठली ओळख? दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत स्कूटर नेली आणि वळवली.

नंतर गोळ्यांसाठी गेले तर तो पडदा आता बाहेर, पेशंट थांबतात त्या जागेत लावलेला. धुऊन धुऊन निळा फिका पडलाय, पण रेघ जागची हललेली नाही. मी किनारीजवळची खुर्ची धरली. हिराबाईचं नाव दिसलं. त्यापुढची माझी कोरी जागा बघायला नजर नेली, तर तिथे पेनने, मोठ्या अक्षरांत, पुन्हा हिराबाई. त्यातलीही बाई न मावता खाली घसरलेली.

मी सिस्टरांकडे बघितलं. त्या हसल्या. "ती मागच्या महिन्यात आली होती. माझंच पेन घेतलं. मी रागावले तर म्हणते, जागा रिकामी बरी दिसत नाय. माज्या मैतरणीला लाज वाटते, मला नाय वाटत, तर माजंच घातलं, असं. तिला दुसरं काही लिहिताच येत नाही ना."

मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. जिला चार अक्षरं धड मावत नव्हती, तिने ती माझ्यासाठी दुसऱ्यांदा लिहिली होती.

शेजारच्या खुर्चीवर एक बाई मुलीला घेऊन आली होती. मुलगी कॉलेजात जाण्याच्या वयाची. तिनेही माझ्यासारखाच स्कार्फ बांधलेला, नुसते डोळे दिसत होते. ती पडद्याकडे एकटक बघत होती. तिची आई मला म्हणाली, "काय वो ताई, ते पान हाय का मासा? ही मघापासून विचारते."

मी स्कार्फ सोडला. आत घामाने सगळं ओलं झालं होतं.

"अर्धं पान, अर्धा सरंगा," मी म्हणाले. "पान मी काढलंय."

बाईने माझ्या मंगळसूत्राकडे, पर्सकडे, परत तोंडाकडे बघितलं. "म्हंजे तुमी इथं होता?"

"हो. आत. खिडकीजवळची खाट."

मुलगी आता पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. तिला काहीतरी धीराचं बोलावं असं मनात आलं, पण मला शाळेत कुणाला अजून खरं सांगता आलेलं नाही, मी काय धीर देणार? तेवढ्यात आतला पेशंट बाहेर आला. सिस्टर दारात आल्या, माझ्याकडे बघून नेहमीसारखा हात केला.

मी उठले नाही. त्यांनी परत हात केला.

"सिस्टर," मी म्हणाले, "नाव घ्या ना."

त्यांना क्षणभर कळेना. मग त्यांनी नाव घेतलं. मोठ्याने, पूर्ण, आडनावासकट. थांबलेल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझे कान तापले, तोंड तापलं. स्कार्फ हातात तसाच धरून मी उठले आणि आत गेले.